पाय फार वाकडे झाले असतील तर गुडघा बदलता येतो का?

तुम्ही लिहिले आहे की गंगाखेडजवळच्या गावात राहणाऱ्या तुमच्या ६४ वर्षांच्या आईंचे दोन्ही पाय धनुष्यासारखे बाहेर बाकले आहेत आणि ‘इतक्या वाकड्या पायांना आता वाट्या बदलून उपयोग नाही’ असे एका डॉक्टरांनी सांगितले आहे. मी डॉक्टर नाही. परंतु अंबाजोगाई तालुक्यातील माझ्या आईचे पाय याच अवस्थेला आले होते आणि तिच्या दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रियांच्या वेळी मी सतत तिच्यासोबत होतो. त्या अनुभवावरून सांगतो की केवळ वाकडेपणा हे नकाराचे कारण नाही. मात्र असा गुडघा नेहमीच्या गुडघ्यापेक्षा पुष्कळ अवघड असतो, म्हणून अशा गुडघ्यांचा सराव असलेल्या तज्ज्ञाचे मत घेतल्याशिवाय होकारही देऊ नका आणि आशाही सोडू नका.

आपल्याकडे ‘वाटी बदलणे’ म्हणतात, पण वाटी बहुधा तीच राहते. फार तर तिच्या मागे प्लास्टिकची चकती बसवतात. खरे काम मांडीच्या हाडाच्या खालच्या आणि नडगीच्या वरच्या टोकावर होते. तेथील झिजलेला थर कापून धातूचे भाग बसवतात आणि मध्ये पॉलिइथिलीन या टणक प्लास्टिकची गादी ठेवतात. खुब्याच्या गोलापासून घोट्याच्या मध्यापर्यंत रेषा ओढली तर निरोगी पायात ती गुडघ्याच्या मध्याजवळून जाते; बाहेर बाकलेल्या पायात ती आतल्या बाजूला सरकते, सगळा भार तिकडेच पडतो, आधी सांध्यातली मूळची गादी (कूर्चा) आणि मग हाडही झिजते, आणि हाड झिजले की पाय आणखी बाकतो. असे वर्षानुवर्षे चालले की आतले अस्थिबंध, म्हणजे हाडांना जोडणारे पट्टे, आखडतात आणि बाहेरचे ताणून सैल पडतात. त्यामुळे हाड सरळ कापले की काम झाले, असे होत नाही. कडेने वाढलेली हाडे काढून, आखडलेले भाग थोडेथोडे सैल करत, पाय सरळ असताना आणि वाकवल्यावरही दोन्ही बाजूंचा ताण सारखा आणावा लागतो. नडगीच्या आतल्या बाजूला खड्डा पडला असेल तर तो कापलेल्याच हाडाच्या तुकड्याने किंवा धातूच्या ठोकळ्याने भरतात आणि खाली लांब दांडी जोडतात. अस्थिबंध अगदीच निकामी असतील तर सांध्याला स्वतःचा आधार असलेला वेगळ्या प्रकारचा इम्प्लांट (कृत्रिम सांधा) लागतो. रोबोटमुळे हाडाचे काप अचूक येण्यास मदत होते, पण कोणता बंध किती सोडायचा हा निर्णय शेवटी शल्यचिकित्सकाचाच असतो.

पहिल्या दवाखान्यात आईला झोपवून काढलेल्या गुडघ्यापुरत्या एक्स-रेवर थेट तारीख दिली होती, याचे मला आजही वाईट वाटते. छत्रपती संभाजीनगरला दुसऱ्या डॉक्टरांनी आधी खुब्यापासून घोट्यापर्यंतचा, उभे राहून काढायचा लांब एक्स-रे मागितला. आई पदर दातात धरून, दांडीचा आधार घेऊन फळीवर उभी राहिली. तिच्या वाट्या समोर याव्यात म्हणून तंत्रज्ञाने तिचे पाय हातांनी फिरवले. दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये माझी अख्खी वीत मावत होती. त्या फिल्मवर पेन्सिलीने रेषा ओढून डॉक्टरांनी डावा पाय २४ अंश आणि उजवा १९ अंश बाकल्याचे दाखवले. मग तिची नडगी धरून बाजूला दाबून, पाय किती सरळ होतो तेही पाहिले. बाक सांध्यातच आहे की जुन्या, वाकड्या जुळलेल्या हाडात आहे, हेही याच फिल्मवर कळते. हाडातच असेल तर आखणी वेगळी करावी लागते, कधी ते हाडही कापून सरळ करावे लागते. तुम्ही इम्प्लांटची कंपनी विचारण्याआधी या फिल्मविषयी विचारा.

गुडघे आत वळून एकमेकांना घासत असतील तर पाय सरळ करताना पंजा उचलणारी नस ताणली जाण्याचा धोका असतो. तुमच्या आईंना तो कमी आहे. साखर मात्र आटोक्यात हवी, आणि त्या मिश्री लावत असतील तर ती आजच बंद करा, कारण तंबाखूने जखम भरायला वेळ लागतो. खर्चाचे म्हणाल तर केंद्राने ऑगस्ट २०१७ मध्ये गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर मर्यादा घातली आहे. ठोकळा आणि दांडी लागल्यास एकूण किती होईल, हे आधीच लेखी घ्या. महात्मा जोतीराव फुले योजनेबद्दल रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारा.

शस्त्रक्रियेनंतर मी प्रेमाने आईच्या गुडघ्याखाली वाकळीची घडी ठेवली होती. फिजिओथेरपिस्टने ती लगेच काढून टाचेखाली सरकवली, कारण गुडघ्याखाली आधार राहिला तर गुडघा वाकलेल्या स्थितीतच आखडतो. आई कळवळली, पण गुडघा पूर्ण सरळ झाला. घरी कमोड आधीच बसवून घ्या. उकिडवे बसून खुरपणे आता विसरावे लागेल, हेही आईंना आत्ताच स्पष्ट सांगा.

दोन्ही गुडघे एकाच वेळी करायचे का, हे हृदय आणि वय पाहून डॉक्टर ठरवतील. अटलबिहारी वाजपेयींच्या डाव्या गुडघ्यावर ऑक्टोबर २००० मध्ये आणि उजव्यावर जून २००१ मध्ये शस्त्रक्रिया झाली होती. आमच्याकडे तीन महिन्यांचे अंतर ठेवले. या काळात सरळ झालेला डावा पाय लांब आणि बाकलेला उजवा आखूड वाटून आई लंगडू लागली, तेव्हा डॉक्टरांना विचारून उजव्या चपलेला चांभाराकडून जाड तळ लावून घेतला. दुसरी शस्त्रक्रिया झाल्यावर तो तळ तिने स्वतःच काढायला लावला.