शिकारीचं कानयंत्र: २,८०० डॉलर टाकण्याआधी

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा: वय ६१, दर नोव्हेंबरला हरणाच्या हंगामात मचाणावर बसतात, बंदूक उजव्या खांद्याला लावतात. डावा कान जास्त गेलाय. वाळल्या पानांवरची पावलं ऐकू येत नाहीत आणि घरी टीव्हीच्या आवाजावरून कुरबुर होते. खास शिकाऱ्यांसाठी बनवलेली कानातली जोडी २,८०० डॉलरला मिळतेय. ती बारीक आवाज वाढवते आणि बंदुकीचा बार होताच बंद होते. २४ महिन्यांचे बिनव्याजी हप्ते आहेत. एचएसएमध्ये, म्हणजे वैद्यकीय खर्चासाठीच्या करमुक्त बचत खात्यात, ६,४०० डॉलर आहेत आणि निवृत्ती ६५ ला. घ्यावी का?

माझं उत्तर: आत्ता नाही, आणि हप्त्यांवर तर नाहीच. तुमची गरज एक दिसते, पण ती तीन आहेत. रोजचं बोलणं ऐकू येणं, मचाणावर पावलं ऐकू येणं आणि बारापासून कान वाचणं. विक्रेता तिन्ही एका डबीत घालून देतो. तिन्ही वेगवेगळी घेतलीत तर खर्च फार वाढत नाही, पण पैसा जिथे काम करतो तिथे जातो.

आधी तपासणी. उजव्या हाताने बंदूक चालवणाऱ्याचा डावा कान नळीकडे वळलेला असतो आणि उजवा डोक्याच्या आडोशाला राहतो. त्यामुळे डावीकडे जास्त नुकसान दिसणं अपेक्षितच आहे. तरी दोन कानांत मोठा फरक असेल किंवा एकाच कानात सतत आवाज येत असेल, तर ते बंदुकीच्या खात्यावर टाकून मोकळं होऊ नका, कानाच्या डॉक्टरला दाखवा. ऑडिओग्रॅमची, म्हणजे तपासणीच्या आलेखाची, प्रत मागून घ्या. ३,००० ते ६,००० हर्ट्झच्या पट्ट्यात खड्डा पडलेला असेल, तर पानांची सळसळ आणि बायकोच्या बोलण्यातले ‘स’, ‘श’ एकाच कारणाने हरवतायत. म्हणजे रोजचं यंत्र नीट लागलं तर पावलांचा प्रश्नही बराचसा तिथेच सुटतो.

रोजच्या यंत्राचे दर आता पूर्वीसारखे राहिले नाहीत. ऑक्टोबर २०२२ पासून अमेरिकेत सौम्य ते मध्यम बहिरेपणासाठी १८ वर्षांवरच्या कोणालाही चिठ्ठीशिवाय श्रवणयंत्र घेता येतं. पण दोन कानांत फरक असताना मी त्यापेक्षा सभासदत्वाच्या मोठ्या गोदाम-दुकानातली, माणसाने बसवून ट्यून केलेली जोडी घेईन. ती साधारण १,५०० ते १,६०० डॉलरला पडते. प्रत्येक कानाला त्याच्या ऑडिओग्रॅमप्रमाणे वेगळं वाढवलं जातं, आणि तुम्हाला तेच हवंय. त्याआधी कंपनीच्या विम्यात श्रवणयंत्राचा लाभ आहे का ते एचआरला विचारा. बऱ्याच योजनांत तो ठरावीक वर्षांतून एकदा असतो आणि लोक न वापरताच निवृत्त होतात. मूळ मेडिकेअर, म्हणजे ६५ नंतरचा सरकारी आरोग्य विमा, श्रवणयंत्राला एक डॉलरही देत नाही.

आता संरक्षण, इथे जरा थांबू. मोठ्या रायफलचा बार कानाशी १६० ते १७० डेसिबलपर्यंत जातो. १४० च्या वरचा एक बारसुद्धा कायमचं नुकसान करू शकतो. पन्नास-साठ डॉलरच्या चांगल्या इलेक्ट्रॉनिक इअरमफवर (कान झाकणाऱ्या, बारीक आवाज वाढवून ऐकवणाऱ्या वाट्या) एनआरआर, म्हणजे आवाज किती डेसिबलने कमी होतो तो आकडा, २२ किंवा २३ लिहिलेला असतो. तो आकडा प्रयोगशाळेतला आहे. अमेरिकेची व्यावसायिक आरोग्य संस्था नायॉश हिने १९९८ मध्ये मफच्या आकड्यातून पाव भाग वजा करायला सांगितलं होतं. म्हणजे २३ चे १७ धरा. १६५ मधून १७ गेले, उरले १४८. हा ढोबळ हिशेब आहे, कारण एनआरआर मुळात सलग आवाजासाठी मोजतात, पण नुसता मफ पुरत नाही एवढं त्यातून कळतं. चष्म्याची दांडी गादीखाली गेली की आणखी गळती. आणि दस्त्यावर गाल टेकवला की उजवी वाटी सरकते, म्हणून वाटी सडपातळ बघा. रेंजवर रायफल झिरो करताना, म्हणजे नेम जुळवताना, फोमचे बोळे आणि त्यावर मफ, दोन्ही लावा. दोन्ही मिळून आकड्यांची बेरीज होत नाही, जास्त एनआरआर असलेल्यावर साधारण पाच डेसिबलच वाढतात, पण ते पाच हवेत.

मचाणावर मात्र बोळे घालून मफचा आवाज वाढवायची युक्ती तुमच्या कामाची नाही. मफचा स्पीकर बहुधा ८२ ते ८५ डेसिबलला थांबतो. त्यातून बोळ्याचे वीस-पंचवीस गेले आणि वर तुमच्या कानातली तूट, मग पावलं ऐकू येण्याइतकं काही उरत नाही. शिवाय बऱ्याच स्वस्त मफला एकच बटण दोन्ही कानांना, म्हणजे डावा उपाशी आणि उजव्यात स्वतःच्या जॅकेटची सळसळ. कानाची पाळी झाकली गेल्याने हरीण कुठल्या बाजूला आहे तेही धूसर होतं.

मग मफशिवाय, नुसतं श्रवणयंत्र घालून बार काढला तर? नको. यंत्र वाढवलेला आवाज मर्यादेत ठेवतं, पण उघड्या घुमटाच्या (कानात बसणाऱ्या भोकं असलेल्या रबरी टोकाच्या) बाजूने बाराचा आवाज थेट पडद्यावर जातो. तो अडवायला तिथे काहीच नाही. कानात वाजणाऱ्या इअरबडचंही तेच. अॅपल स्वतः सांगते की एअरपॉड्सचं संरक्षण गोळीबारासारख्या आवाजांसाठी नाही.

म्हणून २,८०० डॉलरच्या जागी मी ज्यावर खर्च करीन ती वस्तू कानात जातच नाही: सायलेन्सर. तो साधारण २० ते ३० डेसिबल उगमापाशीच कापतो. वरचे १६५ मग १३५ ते १४५ च्या आसपास येतात आणि मफला त्याच्या आवाक्यातलं काम उरतं. आवाजाहून वेगाने जाणाऱ्या (सुपरसॉनिक) गोळीचा कडाका राहतोच, त्यामुळे मफ काढायचा नाही. विस्कॉन्सिनमध्ये शिकारीला सायलेन्सर चालतो. किंमत ५०० ते १,००० डॉलर. नळीला आटे नसतील तर गनस्मिथचे शे-दोनशे वेगळे. १ जानेवारी २०२६ पासून त्यावरचा २०० डॉलरचा फेडरल कर शून्य झालाय, पण बोटांचे ठसे, फोटो आणि एटीएफ या फेडरल शस्त्र-खात्याची मंजुरी तशीच लागते. नागरिक किंवा ग्रीन कार्डवाल्यांनी पुढे जावं. व्हिसावर असणाऱ्यांनी आधी वकिलाला विचारावं.

पैसे कुठून? श्रवणयंत्र एचएसएमध्ये बसतं. मफ आणि सायलेन्सर खिशातून. एचएसएतले पैसे ६५ च्या आधी अपात्र गोष्टीवर गेले तर प्राप्तिकर आणि वर २० टक्के दंड. ‘शिकार-यंत्र’ म्हणून विकलेल्या जोडीत हीच गोम आहे. बिलावर ती श्रवणयंत्र आहे की नुसतं आवाज वाढवणारं साधन, त्यावर पात्रता ठरते. दुकानदाराच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

खिशात रोख असेल तर १,६०० डॉलर खिशातूनच भरा, पावती स्कॅन करून ठेवा आणि एचएसएला वाढू द्या. खातं उघडल्यानंतरचा खर्च असेल तर एचएसएतून पैसे परत घ्यायला कालमर्यादा नाही. ६५ नंतर ते ६,४०० मेडिकेअर पार्ट बीच्या (डॉक्टरांच्या खर्चाच्या भागाच्या) विमा हप्त्यांनाही करमुक्त वापरता येतील. प्राप्तिकरातली वैद्यकीय खर्चाची वजावट विसरा, उत्पन्नाच्या साडेसात टक्क्यांच्या वरचा भागच धरतात. आणि ६५ नंतरही नोकरी लांबली, मेडिकेअर उशिरा घेतलं, तर त्याच्या सहा महिने आधी एचएसएत भरणं थांबवा, कारण पार्ट ए (रुग्णालयाचा भाग) सहा महिने मागच्या तारखेपासून लागू होऊ शकतो आणि त्या काळात एचएसएत भरणं चालत नाही.

हप्त्यांच्या कागदावर ‘डिफर्ड इंटरेस्ट’ (पुढे ढकललेलं व्याज) असे शब्द शोधा. असतील तर ते बिनव्याजी नाही. २४ महिन्यांत फेडायला महिना ११७ डॉलर लागतात. तुम्ही १०० च भरलेत तर शेवटी ४०० उरतात, आणि दर २७ टक्के धरला तर व्याज लागतं पहिल्या दिवसापासून, साध्या हिशेबाने ८६० डॉलरच्या आसपास.

ती महागडी जोडी कोणाला शोभते? टर्की पक्ष्याच्या किंवा धनुष्यबाणाच्या शिकारीत महिनोन् महिने जंगलात असणाऱ्याला, आणि कानाच्या साच्यावर घट्ट बसणारा मोल्ड करून घेणाऱ्याला. सैल रबरी टोकासह घेतली तर संरक्षणाचा छापील आकडा हातात येत नाही.

वेळेचं म्हणाल तर यंत्र सप्टेंबरात घ्या. अशा काही दुकानांत १८० दिवसांपर्यंत परत करता येतं, म्हणजे थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होणारा नऊ दिवसांचा हंगाम त्यातच येतो. घरी यंत्रावर मफ चढवून बघा. शिट्टी वाजत असेल तर ऑडिओलॉजिस्टकडून फीडबॅक कमी करणारा वेगळा प्रोग्रॅम टाकून घ्या. शिट्टी वाजली नाही तरी कानातला घुमट उघडाच असतो, म्हणून बारापासून वाचवायला वरचा मफ नीट बसलाय का तेही तेव्हाच तपासा. मफमध्ये अल्कलाइनऐवजी लिथियम सेल घाला, उणे तापमानात अल्कलाइन लवकर मान टाकतात.