बाप्तिस्म्याची घाई, गोळ्या आणि पोरीचा दाखला

प्रश्न : ताई, मी गेवराई तालुक्यातली. लग्नानंतर नवऱ्यासंगं ऊसतोडीला जायचे, मुकादमाकडून उचल तो घ्यायचा, प्यायचा, अन् फिटस्तोवर कोयता माझ्या हातात. वर मारहाण. शेवटी पोरीला घेऊन निघाले, आता जालन्यात बियाण्याच्या कंपनीत पॅकिंगला आहे. शेजारच्या मावशी रविवारी चर्चला नेतात. पहिल्या दिवशी मी नुसती रडले, कुणी काही विचारलं नाही, एका बाईनं तेवढा पाण्याचा तांब्या आणून ठेवला. तवापासून जायलेय अन् खरंच बरं वाटायलंय. पण आता तिथले एक भाऊ म्हणायलेत, पुढच्या महिन्यात बाप्तिस्मा घे, म्हणजे पाण्यात उतरून ख्रिस्ती हो, जुनं समदं धुऊन निघंल, अन् सरकारी दवाखान्यातल्या मनाच्या गोळ्या बंद कर, विश्वास कमी म्हणून त्या लागायल्यात. सख्खा भाऊ म्हणतो, बाटलीस तर माहेर तुटलं. पोटगीची केस चालू आहे, पोरीचा मातंग जातीचा दाखला काढायचाय. काय करू?

उत्तर : आधी गोळ्यांचं. बंद करायच्या नाहीत, कमी करायच्या असतील तरी डॉक्टरला विचारूनच. मी स्वतः ख्रिस्ती घरातली आहे म्हणून ठासून सांगते, शुभवर्तमान, म्हणजे येशूचं चरित्र लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता, बायबलातल्या पौलाच्या पत्रात तसं आहे, आणि तुझ्याच जालन्यात मिशनवाल्यांनी दवाखाना काढला, नुसत्या प्रार्थनेनं भागत असतं तर कशाला काढला असता? गोळ्या घेणारी बाई विश्वासात कच्ची, असं म्हणणाऱ्याला मावशींसमोर विचार की तुमचा बीपीचा डबा कुठंय.

आता बाप्तिस्मा. तुला तिथं मिळालेला आधार खरा आहे, त्यावर शंका घ्यायचं कारण नाही. 'कष्टी व भाराक्रांत' लोकांना येशूनं बोलावलं ते अट घालून नाही, त्यामुळं बाप्तिस्मा झाला नाही म्हणून तुला कुणी उठवून लावणार नाही, आणि लावलं तर ते चर्च बदल. बऱ्याच मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, आधी शिकवणी असते, पाळक, म्हणजे तिथले धर्मगुरू, बसून सगळं समजावतात, प्रश्न विचारू देतात. महिन्याची घाई कुणाला झालीय, तुला की त्यांना, हे बघ. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला, पण ख्रिस्त आपल्याला खऱ्या अर्थानं भेटला तो त्यानंतर जवळपास आठ वर्षांनी, असं त्यांनीच लिहून ठेवलंय! एवढी शिकलेली बाई, तिला वेळ लागला, तुला लागला तर काय बिघडलं. आणि त्यांनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातल्या पोरी आणल्या तेव्हा नुसती भजनं नाही म्हणायला लावली, विणकाम, छापखाना, शेती शिकवली. जुनं धुऊन निघतं म्हणजे केस, भाडं, पोरीची फी धुऊन निघत नाही गं, ते सोमवारी सकाळी तसंच उभं असतं, फक्त ते उचलायला अंगात बळ येतं.

कायद्याचं नीट वाच. अनुसूचित जातीचा दर्जा १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार हिंदूंना, १९५६ पासून शीखांना आणि १९९० पासून बौद्धांना आहे, ख्रिस्ती झाल्यावर तो राहत नाही. (हे न्याय्य आहे का, तर माझ्या मते नाही, गावात चर्चला जाणाऱ्या मातंगाला कुणी मातंग म्हणायचं थांबत नाही. पण आज नियम हा आहे.) म्हणून निदान पोरीला तुझ्यासोबत पाण्यात उतरवायची घाई करू नको, ती मोठी झाल्यावर तिचं ती ठरवील. दुसरं, तू धर्म बदललास तर हिंदू विवाह कायद्याखाली नवऱ्याला घटस्फोट मागायला तेवढं कारण मिळतं. पोटगीत पण फरक पडू शकतो, हिंदू पोटगी कायद्यातला हक्क धर्म बदलला की जातो, मात्र जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ ची, म्हणजे आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ची पोटगी धर्म बघत नाही. तुझी केस कशाखाली आहे ते वकिलाला विचार. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात बाईमाणसाला तो फुकट मिळतो. नवरा पुन्हा दारात आला तर पोलिसांना ११२ वर किंवा महिला हेल्पलाइनला १८१ वर फोन लाव.

भावाचं राहू दे थोडं. त्याला धर्माची किती काळजी आहे कुणास ठाऊक, मार खात होतीस तेव्हा माहेर कुठं होतं? पण तोडू नको, राखीला जा, पोरीला मामा असू दे. जालन्याजवळचं बेथेल गाव ठाऊक असेल, नारायण शेषाद्रींनी ख्रिस्ती झालेल्यांसाठी वसवलेलं. ते स्वतः ब्राह्मण, १८४३ मध्ये ख्रिस्ती झाले. आता तशी वेगळी वस्ती करून राहायची वेळ नाही, तुझी खोली, तुझा पगार तुझ्या हातात आहे. मावशींकडं एक चावी देऊन ठेव.

प्रश्न : लातूरहून. प्रार्थनेनं दारू सुटली, चर्चमध्ये साक्ष पण दिली, म्हणजे सगळ्यांसमोर उभं राहून ते सांगितलं, अन् मेव्हण्याच्या लग्नात परत प्यालो. आता तोंड दाखवायची लाज वाटायलीय.

उत्तर : दाखवा की. येशूचा शिष्य पेत्र, त्यानं येशूला तीनदा नाकारलं होतं, त्यालाच पुढं मंडळी सांभाळायला दिली, तुमचा तर एका लग्नात पाय घसरलाय. पाळकांना खरं सांगा, पण माईकवर नाही, लोकांसमोर साक्ष द्यायला सध्या उभं राहू नका. आणि अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाची, मीटिंग गाठा, तिथं फी नसते आणि धर्म विचारत नाहीत.