शोषखड्डा साठ फुटांवर आहे, मग विहिरीला धोका नाही?

प्रश्न: आमच्या विहिरीच्या वरच्या अंगाला दोन एकरांत वीस प्लॉट पाडलेत. प्रत्येक घराला सेप्टिक टँक आणि शोषखड्डा. बिल्डर म्हणतो, खड्डे विहिरीपासून साठ फुटांच्या पुढे आहेत, नियमात बसतं. हेच पाणी आम्ही पितो. काय करावं?
— एक वाचक भगिनी, तासगाव तालुका, जि. सांगली

उत्तर: ताई, साठ फूट म्हणजे १८ मीटर. नियम खरा आहे, पण तो जंतूंसाठी. जंतू मातीत अडकतात, मरतात. सांडपाण्यातल्या नत्रापासून (नायट्रोजनपासून) होणारं नायट्रेट मात्र पाण्यात विरघळतं आणि पाण्याबरोबर चालत राहतं. टाकीतून नत्र निघतं ते बहुतेक अमोनियाच्या रूपात. शोषखड्ड्याखालच्या हवेशीर मुरमात त्याचं नायट्रेट होतं. त्यामुळे टाकी दोन कप्प्यांची की तीन, या वादात मी पडत नाही. माणसं किती आणि पाऊस किती, एवढंच विचारतो.

कागद घ्या. वीस घरं, शंभर माणसं. माणशी रोज १० ग्रॅम नत्र धरलं तर वर्षाला ३६५ किलो. निम्मं वाटेत जिरलं, उडालं असं उदार मनाने धरू; उरलं १८२ किलो. माणशी १०० लिटर सांडपाणी म्हणजे वर्षाला साडेछत्तीस लाख लिटर. वरून ६०० मिलिमीटर पाऊस, त्यातला दहा टक्के मुरला तर दोन एकरांत जेमतेम पाच लाख लिटर. सगळं मिसळा: लिटरला सुमारे ४४ मिलिग्रॅम नत्र, म्हणजे नायट्रेट म्हणून मोजलं तर सुमारे १९५ मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याची भारतीय मर्यादा ४५. शेजारून येणारं भूजल मिसळलं की आकडा उतरतो, पण किती उतरतो हे बिल्डरने दाखवायचं, तुम्ही नव्हे.

आता तुमची बाजू. द्राक्ष आणि उसाच्या पट्ट्यात युरियाने विहिरीतलं नायट्रेट आधीच चढलेलं असू शकतं. म्हणून एकही वीट बसण्याआधी पाणी तपासून घ्या, एकदा पावसाळ्यानंतर, एकदा मे महिन्यात. नाहीतर उद्या ‘हे तुमच्या खताचं’ असं ऐकावं लागेल. प्लॉटच्या वरची एक आणि खालची एक विहीरही तपासा. नायट्रेटबरोबर क्लोराईड आणि ई-कोलाय (मैल्यातले जंतू) यांची तपासणी मागा, सांडपाण्याच्या या खुणा. रिपोर्टमध्ये ‘नायट्रेट’ लिहिलंय की ‘नायट्रेट-नायट्रोजन’ ते बघा. दुसऱ्या प्रकारात मर्यादा साधारण १० होते, आणि तिथे २० बघून निर्धास्त झालेले लोक मला भेटलेत.

पाणी खरंच तुमच्याकडे येतं का, हेही बघायला हवं. एकाच दिवशी, पंप बंद ठेवून, तीन विहिरींची पातळी मोजा आणि काठांची उंची लेव्हल लावून घ्या, उतार कळतो. आपल्या खडकात पाणी भेगांमधून पळतं, त्यामुळे विहिरीत कोणत्या बाजूचा झरा जिवंत आहे हे जुन्या माणसाला विचारा. झरा प्लॉटच्या बाजूचा निघाला तर गप्प बसू नका.

ग्रामपंचायतीत आणि परवानगी देणाऱ्या कार्यालयात लेखी हरकत द्या. प्लॉट कमी करा, नाहीतर नत्र काढणारी सामाईक प्रक्रिया बसवा, अशी मागणी करा. नुसती हवा मारणारी यंत्रणा अमोनियाचं नायट्रेट करून देते, तेवढ्यावर भागत नाही. आणि कोणी जुन्या बोअरमध्ये सांडपाणी सोडायचं म्हणालं तर त्याच दिवशी तक्रार करा.

घरात तान्हं बाळ असेल तर रिपोर्ट येईपर्यंत वरच्या दुधाला हे पाणी वापरू नका. उकळूनही नाही. उकळल्याने नायट्रेट जात नाही, पाणी आटून उलट वाढतं.