भावाच्या माइल्सवर आई-वडिलांची तिकिटं काढली तर चालतात का?

तुम्ही विचारलंय: भावाच्या फ्रिक्वेंट फ्लायर माइल्सवर (सतत प्रवास करणाऱ्याला विमान कंपनीच्या प्रोग्रॅममध्ये मिळणाऱ्या पॉइंट्सवर) आई-वडिलांची तिकिटं काढायची आहेत, त्याचं लॉगिन तुमच्याकडे आहे, बदल्यात त्याला थोडे पैसे देणार, हे चालेल का आणि माइल्स किती लागतील? आई-वडिलांसाठी तिकीट बहुतेक ठिकाणी चालेल. पैसे आणि लॉगिन दोन्ही नको. आम्ही नेमकं हेच करून बसलो होतो, म्हणून लिहितेय.

दादा कामासाठी सतत फिरतीवर, माइल्स भरपूर साठलेले. आई-बाबा माझ्याकडे यायचे होते तेव्हा म्हणाला, "माझ्या माइल्सवर काढतो, तू मला निम्मे पैसे दे." मला स्वस्तात पडत होतं, दिले. दोघं व्यवस्थित पोचली. परतीच्या दिवशी काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट घेतले, बराच वेळ टाइप करत राहिली, मग कुणाला तरी फोन लावला आणि म्हणाली, तिकिटं रद्द झाली आहेत. बाबांनी प्लॅस्टिकच्या फोल्डरमधून प्रिंटआउट काढला. पीएनआरखाली त्यांनी लाल पेनाने रेघ मारून ठेवली होती. "तारीख आजचीच आहे, बघा ना," असं ते तिला तीनदा म्हणाले. आई व्हीलचेअरवर, मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी धरून. मी कारण विचारलं तर एकच उत्तर, आम्ही खातेदाराशीच बोलू. खातेदाराकडे मध्यरात्र, फोन सायलेंटवर.

मग एकेक कळत गेलं. दादाने उरलेले माइल्स एका एजंटला विकले होते आणि पासवर्डही त्याच्याकडे देऊन ठेवला होता. एजंटने त्या खात्यातून भलत्याच लोकांची तिकिटं काढली, एकाचाही आमच्याशी संबंध नाही. विमान कंपनीने चौकशी केली, खातं बंद केलं, शिल्लक माइल्स काढून घेतले आणि त्या खात्यातून निघालेली, न वापरलेली सगळी तिकिटं रद्द केली. त्यात आमची दोन. ईमेल आला होता, पण दादाच्या जुन्या ऑफिसच्या पत्त्यावर, जो तो उघडतही नव्हता. आई-बाबांना घेऊन घरी परतले आणि दुसऱ्या दिवसाची तिकिटं आयत्या वेळच्या दराने काढली.

दादा आजही म्हणतो, माइल्स मी कमावले, मी वाटेल त्याला विकेन, कंपनीने दरोडा घातला. आणि मी दिलेले निम्मे पैसे? "घरातल्या घरात कसली विक्री!" मला हे पटत नाही. बहुतेक प्रोग्रॅमच्या नियमांत विक्रीला बंदी असते, आणि गैरवापर दिसला तर खातं बंद करायचा हक्क कंपनी स्वतःकडे ठेवते. बहीण-भावातली विक्रीही विक्रीच. कोर्टात जाऊन हे फिरेल असंही नाही. अमेरिकेत नॉर्थवेस्ट एअरलाइन्सने 2008 मध्ये एका रब्बीचं (ज्यू धर्मगुरूचं) सदस्यत्व रद्द केलं, प्रोग्रॅमचा गैरवापर केला म्हणून. माइल्स विकल्याचा तिथे प्रश्नच नव्हता. कंपनी सचोटीने वागली नाही म्हणत त्याने केस केली, ती सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि 2014 मध्ये सगळ्या न्यायाधीशांनी एकमताने त्याच्या विरोधात निकाल दिला. विमानसेवेवरची सरकारी नियंत्रणं उठवणाऱ्या 1978 च्या कायद्यापुढे त्याचा दावा टिकला नाही.

आता हेही सांगायला हवं की सगळ्या प्रोग्रॅमचे नियम सारखे नसतात. नातेवाइकांना आपल्या माइल्सवर तिकीट देणं बहुतेक ठिकाणी चालतं, कितीतरी घरांत ते बिनबोभाट होतं. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायरमध्ये अशा माणसांची नावं आधी नोंदवावी लागतात, 5 जणांपर्यंत. एमिरेट्स आणि ब्रिटिश एअरवेजमध्ये कुटुंबाचे माइल्स एकत्र साठवायची सोय आहे. तुमचा भाऊ कुठल्या प्रोग्रॅममध्ये आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, तेव्हा त्याचे नियम तुम्हालाच वाचावे लागतील.

तिकीट भावाने स्वतः, स्वतःच्या फोनवरून काढावं. खात्यावर तो रोज बघतो तोच ईमेल आहे ना, ते आधी तपासा. त्याने खात्यातून आणखी कुणाची तिकिटं काढलीत, हेही तोंडावर विचारा, वाईट वाटलं तरी. मी विचारलं नव्हतं. आणि तो पैसे मागत असेल तर त्याचे माइल्स राहू देत, त्या पैशांत तुमची भर घालून साधी तिकिटं काढा. माइल्स किती लागतील ते मार्ग आणि तारखेप्रमाणे बदलतं, त्याच्या ॲपमध्ये दिसेल.