रंग रेषेबाहेर का सांडतो? पेंट आणि पॉवरपॉइंटवर व्यंगचित्र नीट करताना

ताई, तुमची अडचण मला समजली ती अशी. सहावीतल्या मुलाने काळ्या पेनने काढलेलं दोन चौकटींचं व्यंगचित्र शाळेच्या वार्षिक अंकात घ्यायचंय. त्याचा फोटो तुमच्याकडे व्हॉट्सॲपवर आलाय. शर्टात रंग भरायचा, दुसऱ्या चौकटीत तोच मुलगा रडवेला दाखवायचा आणि बोलण्याच्या फुग्यातला मजकूर नीट टाइप करायचा. शाळेच्या संगणकावर विंडोज १०, पेंट आणि पॉवरपॉइंट, बस्स. नवीन काही टाकायची परवानगी नाही. आणि पेंटमधली बादली (बंद जागेत रंग भरणारं साधन) ओतली की कधी अख्खं पान निळं होतं, तर कधी रेषेच्या कडेने पांढरट ठिपके राहतात.

या कामाला फोटोशॉप लागत नाही. तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ रेषेत आहे. आधी रेषा स्वच्छ करा, मग बाकीचं तासाभराचं काम आहे.

पान निळं होतं तेव्हा रेषेत कुठेतरी फट असते. पेन उचलला गेला असेल, नाहीतर कॉलर आणि खांदा जुळलेच नसतील. ठिपके राहतात त्याचं कारण वेगळं. फोटोतली काळी रेषा नुसती काळी नसते. पेंटमध्ये ८०० टक्के झूम करून बघा: मधे काळा, मग गडद करडा, फिका करडा, आणि मग कुठे पांढरा. पेंटची बादली जिथे टेकवाल तिथला नेमका तोच रंग पकडते, जवळपासची छटा तिला चालत नाही. म्हणून ती करड्यापाशी थांबते. त्यात जेपीईजी, म्हणजे फोटोची नेहमीची फाइल, जागा वाचवण्यासाठी चित्राचे छोटे छोटे चौकोन करून दाबते, त्यामुळे रेषेभोवती धुरकट कचरा साचतो. व्हॉट्सॲपने तो आणखी वाढवलेला असतो.

तेव्हा पहिलं काम म्हणजे फोटो पुन्हा मागवा. दिवसा खिडकीपाशी, फ्लॅश न मारता, कागदाच्या बरोबर वरून काढलेला. आणि पाठवताना फोटो म्हणून नाही, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे तो दाबला जात नाही.

आता तो पॉवरपॉइंटमध्ये घ्या. पण त्याआधी डिझाइनमध्ये जाऊन स्लाइडची रुंदी २० इंच करा. स्लाइड चित्र म्हणून बाहेर काढताना पॉवरपॉइंट साधारणपणे इंचाला ९६ पिक्सेल धरतो, म्हणजे १९२० पिक्सेल रुंदीचं चित्र मिळेल. छपाईला इंचाला ३०० लागतात, त्या हिशेबाने अंकात सहा इंचांहून थोडं जास्त. ए-५ आकाराच्या पानाला ते पुरून उरतं. फोटो स्लाइडभर ताणा, त्यावर क्लिक करून पिक्चर फॉरमॅट, कलर, रीकलर इथे जा आणि ‘ब्लॅक अँड व्हाइट ५० टक्के’ निवडा. कागदाचा पिवळटपणा, सावली, धुरकटपणा सगळं एका फटक्यात जातं. रेषा तुटायला लागल्या तर २५ आणि ७५ टक्केही लावून बघा, जिथे रेषा अखंड दिसते ते ठेवा. मग फाइल मेनूतून ही स्लाइड पीएनजी (चित्र न बिघडवता साठवणारा फाइलचा प्रकार) म्हणून सेव्ह करा. इथून पुढे जेपीईजीला हात लावायचा नाही. एकदा जरी जेपीईजीत सेव्ह केलंत तरी तो कचरा परत येतो.

पीएनजी पेंटमध्ये उघडा. फट शोधायला एक गंमत सांगतो. शर्टात भडक गुलाबी ओता. कुठून बाहेर पळतोय ते लगेच दिसतं. कंट्रोल-झेड, आणि ती फट बुजवा. बुजवताना ब्रश घेऊ नका, पेन्सिल घ्या. पेंटचा ब्रश कडा मऊ करतो, म्हणजे तुम्ही आत्ताच घालवलेला करडा रंग परत आणतो. पेन्सिल काळं म्हणजे काळंच उमटवते.

रंग भरायच्या आधी चेहरा करून घ्या, कारण अजून सगळं पांढरं आहे आणि त्याचा मोठा फायदा आहे. सिलेक्टच्या खालच्या बाणावर ‘ट्रान्सपरंट सिलेक्शन’ असतं, त्यावर खूण करा. मग निवडलेल्या भागातला ‘कलर २’ (वरच्या पट्टीतल्या दोन निवडलेल्या रंगांपैकी दुसरा) पारदर्शक धरला जातो, आणि भाग उचलल्यावर मागे जी जागा राहते ती त्याच रंगाने भरते. कलर २ पांढरा ठेवलात की ओठ उचलून सरकवले तरी ना मागे डाग राहतो, ना सोबत पांढरा चौकोन येऊन नाकावर बसतो. आधीच रंग भरला असेल तर रंग उचलायच्या ड्रॉपरने गालावर राइट क्लिक करा. त्वचेचा रंग कलर २ मध्ये जातो आणि तीच युक्ती चालते.

हसरं तोंड निवडा, रोटेटमधून ‘फ्लिप व्हर्टिकल’. हसू उलटं झालं. बाणाच्या कळांनी एकेक पिक्सेल सरकवत जागेवर बसवा. पण नुसत्या ओठांनी चेहरा रडवेला होत नाही, रुसलेला होतो. खरं काम भुवयांचं. भुवईचं नाकाकडचं टोक वर आणि कानाकडचं खाली गेलं की माणूस रडवेला दिसतो. उलट केलं की रागावलेला. पेंटमध्ये हव्या त्या कोनात फिरवता येत नाही, मग एकेक भुवई निवडून रिसाइझच्या चौकटीत स्क्यू (म्हणजे तिरकं करणं), व्हर्टिकल १५ द्या, दुसरीला उणे १५. उलट दिशेला गेल्या तर चिन्हं बदला. रेषेला पायऱ्या पडतील, त्या पेन्सिलने सारख्या करा. (खरं तर त्या मुलालाच विचारा. चित्र त्याचं आहे, आणि दुसरा चेहरा तो दोन मिनिटांत काढून देईल. तो आपण जोडलेल्यापेक्षा जिवंत असेल.)

आता शर्टात रंग ओता. नंतर निळ्याचा लाल करावासा वाटला तर आणखी एक सोय आहे. कलर १ मध्ये निळा, कलर २ मध्ये लाल ठेवा आणि खोडरबर राइट बटण दाबून फिरवा. फक्त निळा बदलतो, काळ्या रेषा, बटणं, खिसा जागच्या जागी राहतात.

फुग्यातला मजकूर पेंटमध्ये लिहू नका. तिथे बाहेर क्लिक केलं की अक्षरांचं चित्र होतं, मग ऱ्हस्व-दीर्घ सुधारायला सगळं खोडावं लागतं. फुगा पेंटमध्ये नुसता रिकामा करा, चित्र परत पॉवरपॉइंटमध्ये नेऊन वर टेक्स्ट बॉक्स ठेवा. युनिकोडमध्येच टाइप करा. फाँट निर्मला यूआय आधीच असतो, पण व्यंगचित्राला तो फारच सरकारी दिसतो. ‘एक टाइप’ या मुंबईच्या फाँट बनवणाऱ्या मंडळींचा ‘बलू’ (Baloo) हा फाँट फुकट मिळतो आणि फुग्यात शोभतो. संगणक सांभाळणाऱ्यांना तेवढा टाकून द्यायला सांगा. ओळींमधलं अंतर जरा वाढवा, नाहीतर वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. वरची आणि खालची ओळ आखूड, मधली लांब ठेवलीत की मजकूर गोल फुग्यात आपोआप बसतो. मावत नसेल तर अक्षर बारीक करू नका, शब्द कापा.

शेवटी स्लाइड पुन्हा पीएनजी म्हणून सेव्ह करा आणि छापखान्याला तीच फाइल द्या, पेनड्राइव्हवर किंवा ईमेलने. अंकाची आतली पानं काळी-पांढरी छापली जाणार असतील तर आधी पॉवरपॉइंटच्या व्ह्यूमध्ये ‘ग्रेस्केल’ (करड्या छटांमध्ये) करून बघा. गडद लाल शर्ट आणि गडद हिरवी चड्डी तिथे एकाच करड्या रंगाची दिसू शकतात. तसं झालं तर दोघांपैकी एक रंग फिका घ्या.