रग्बी लीगचे खेळाडू मोठ्या दुखापतीनंतर निवृत्तीचं कसं ठरवतात? ऐन भरात खेळ सोडणारे घाबरतात का?

तुमच्या प्रश्नातल्या 'घाबरतात का' या दोन शब्दांपाशी मी थांबले, आणि म्हणूनच लिहायला बसले. तुम्ही बॉइड कॉर्डनरचं उदाहरण दिलं आहे. ऑस्ट्रेलियातल्या सिडनी रूस्टर्स क्लबचा कर्णधार, न्यू साउथ वेल्स राज्याचा कर्णधार, तीन वेळा विजेतेपद मिळवलेला माणूस. जून २०२१ मध्ये, वयाच्या २९ व्या वर्षी त्याने खेळ सोडला. हातपाय धडधाकट होते, मग सोडला कशाला, असं तुम्ही विचारलंय.

आधी मी कोण ते सांगते. मी मूळची सांगलीची. १२ वर्षं झाली, सिडनीच्या पश्चिमेकडे ब्लॅकटाउनजवळ फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. एनआरएल म्हणजे इथली रग्बी लीगची सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धा. तिचे नामवंत खेळाडू माझ्याकडे येत नाहीत, त्यांच्या क्लबांचे स्वतःचे डॉक्टर आणि फिजिओ असतात. माझ्याकडे येतात ते आठवडाभर फरश्या बसवून, नळकाम करून, बांधकामाची परांची बांधून शनिवार-रविवारी गल्लीतल्या क्लबकडून खेळणारे. पण खेळू की सोडू हा प्रश्न दोघांनाही सारखाच छळतो. इथल्या पोरांच्या तोंडी मोठ्या खेळाडूंचीच उदाहरणं असतात, त्यामुळे ती मलाही पाठ झाली आहेत.

कबड्डी खेळलेल्या माणसाला हा खेळ चटकन कळतो. चेंडू घेऊन येणारा म्हणजे चढाईपटू, समोरचे त्याची पकड करतात. सहा पकडी झाल्या की चेंडू दुसऱ्या संघाकडे जातो. प्रत्येकी १३ खेळाडू, ८० मिनिटं. पण कबड्डीत चढाईपटू अंदाज घेत, दबकत येतो. इथे प्रत्येक पकडीनंतर बचाव करणाऱ्यांनी १० मीटर मागे जायचं असतं, आणि मग दोन्हीकडचे शंभर-शंभर किलोचे गडी त्या मोकळ्या जागेत धावत येऊन एकमेकांवर आदळतात. काही खेळाडू एका सामन्यात ३०-४० पकडी करतात. पहिल्यांदा मैदानाच्या कडेला उभी राहिले तेव्हा त्या आदळण्याचा आवाज ऐकून मी दोन पावलं मागे सरकले होते. टीव्हीवर तो आवाज येत नाही.

काहींच्या वाट्याला निर्णय येतच नाही. न्यूकासल नाइट्सचा अ‍ॅलेक्स मॅककिनन २२ वर्षांचा होता. मार्च २०१४ मध्ये मेलबर्न स्टॉर्मविरुद्ध तिघांच्या पकडीत तो उचलला गेला, खाली येताना मान दुमडली आणि मानेचे चौथा आणि पाचवा हे दोन मणके मोडले. तेव्हापासून तो व्हीलचेअरवर आहे. इंग्लंडमधल्या हल केआरचा मोझ मासो जानेवारी २०२० मध्ये हंगामापूर्वीच्या सराव सामन्यात असाच पाठीच्या कण्याच्या दुखापतीने आडवा झाला. पुढे मोठ्या जिद्दीने तो पुन्हा पावलं टाकायला शिकला, पण खेळ तिथेच संपला. त्यांच्याबद्दल बोलताना 'निवृत्ती घेतली' हा शब्दप्रयोग मला जड जातो.

तुमचा प्रश्न आहे तो ज्यांच्यापुढे दोन वाटा होत्या त्यांच्याबद्दल. तिथे दुखापत कुठे झाली यावर जवळजवळ सगळं अवलंबून असतं.

हाड किंवा लिगामेंट (हाडांना जोडून ठेवणारा बंध) असेल तर माणूस घासाघीस करतो. ब्रिस्बेन ब्रॉन्कोसचा जॅरल यो ये हा वेगवान विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने धावणारा खेळाडू होता, २०११ मध्ये क्वीन्सलँड आणि ऑस्ट्रेलिया दोन्हींकडून खेळलेला. २०१२ च्या सुरुवातीला पर्थच्या सामन्यात त्याच्या घोट्याचं हाड कातडी फोडून बाहेर आलं. त्यानंतर दोन वर्षं एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या. २०१४ मध्ये, अवघ्या २४ व्या वर्षी त्याने थांबायचं ठरवलं. लोकांना हे दोन ओळींत वाचायला मिळतं. त्या दोन वर्षांत काय होतं ते मला माहीत आहे, कारण त्याचं छोटं रूप मी रोज बघते. घोटा आज चार अंश जास्त वाकला म्हणून घरी जाऊन बायकोला सांगणारा माणूस, आणि पुढच्या आठवड्यात तो तीन अंश कमी वाकल्यावर माझ्याशी न बोलता निघून जाणारा माणूस, एकच असतो. चालायला लागणारा घोटा आणि सुसाट पळताना वळायला लागणारा घोटा यांत फार अंतर आहे. पहिला परत मिळतो. दुसरा मिळेल या आशेवर खेळाडू महिने काढतो.

ही घासाघीस मी स्वतः केली आहे. १९ वर्षांची असताना कबड्डीच्या जिल्हा स्पर्धेत बचावाचा डावा कोपरा सांभाळत होते. चढाईपटूचा घोटा धरला आणि माझा गुडघा आतल्या बाजूला वळला. 'टक्' असा आवाज मला ऐकू आला. तेव्हाच्या माझ्या प्रशिक्षकांनी क्रेप बँडेज गुंडाळलं आणि म्हणाले, उपांत्य सामना आहे, एवढा काढ. मी काढला. पुढचे सहा महिने तसेच काढले. शेवटी एमआरआय झाला तेव्हा एसीएल, म्हणजे गुडघ्याला स्थिर ठेवणारं मुख्य लिगामेंट, तर गेलेलंच होतं, शिवाय त्या सहा महिन्यांत गुडघ्यातली गादीही फाटली होती. मी कुणाच्या सांगण्यावरून खेळत राहिले असं म्हणणं सोपं आहे, पण मला खेळायचंच होतं. आई रोज गरम पाण्याची पिशवी देताना म्हणायची, "अगं, आता बास कर." त्यावर मी दरवेळी एकच उत्तर द्यायचे, की एवढी निवड चाचणी होऊ दे.

पण गुडघा निदान साक्ष तरी देतो. जिना उतरताना दुखतो, सुजतो, सगळ्यांना दिसतो. मेंदूचं तसं नाही, आणि कॉर्डनरचं प्रकरण मेंदूचं आहे.

२०२० च्या हंगामात त्याच्या डोक्याला वारंवार मार बसला. त्या नोव्हेंबरमध्ये स्टेट ऑफ ओरिजिनच्या, म्हणजे न्यू साउथ वेल्स विरुद्ध क्वीन्सलँड या मालिकेच्या, पहिल्या सामन्यात पुन्हा बसला, आणि तोच त्याचा शेवटचा सामना ठरला. त्यानंतर त्याने काही महिने विश्रांती घेतली, परत यायचं ठरवलं होतं, आणि मग जूनमध्ये थांबला. त्याच्याच संघातला जेक फ्रेंड दोन महिने आधी, एप्रिलमध्ये, त्याच कारणाने थांबला होता. त्याच वर्षी जानेवारीत इंग्लंडमध्ये लीड्स ऱ्हायनोजचा कर्णधार स्टीव्ही वॉर्ड २७ व्या वर्षी निवृत्त झाला. २०२० च्या सुरुवातीला डोक्याला लागलं होतं आणि वर्ष सरत आलं तरी त्रास जात नव्हता. क्रिकेट बघणाऱ्यांना विल पुकोव्स्की आठवत असेल. जानेवारी २०२१ मध्ये सिडनीला भारताविरुद्ध पदार्पण केलं, अर्धशतक काढलं. पुन्हा पुन्हा कन्कशन (धक्क्याने मेंदूला होणारी इजा) झाल्यामुळे २०२५ मध्ये २७ व्या वर्षी त्यालाही क्रिकेट सोडावं लागलं.

कन्कशनमध्ये डोकं आपटलंच पाहिजे असं नाही. जोरात हिसका बसला तरी कवटीच्या आत मेंदू हलतो. साध्या स्कॅनमध्ये बहुतेक वेळा काहीच दिसत नाही. डोकेदुखी, उजेड सहन न होणं, चिडचिड, शब्द न आठवणं, या सगळ्या गोष्टी खेळाडूने सांगितल्या तरच कळतात. आणि मला सगळ्यात अवघड वाटणारी गोष्ट इथे आहे: खेळायचं की नाही हे ज्या अवयवाने ठरवायचं, तोच दुखावलेला असतो. गुडघा फाटलेली मी निदान शुद्ध डोक्याने चुकीचा निर्णय घेतला होता.

पुढचा धोका वर्षानुवर्षांचा आहे. सीटीई नावाच्या आजारात मेंदूत एक प्रथिन साठत जातं आणि स्मरणशक्ती, स्वभाव, सगळं पोखरलं जातं. पक्कं निदान फक्त मृत्यूनंतर मेंदू तपासून होतं. सिडनीतल्या कँटरबरी क्लबचे माजी खेळाडू आणि प्रशिक्षक स्टीव्ह फोक्स २०१८ मध्ये ५९ व्या वर्षी गेले, नंतर त्यांच्या मेंदूत सीटीई आढळला. क्वीन्सलँडमध्ये ज्यांना 'किंग' म्हणतात त्या वॉली लुइस यांनी २०२३ मध्ये स्वतःच जाहीर केलं की डॉक्टरांच्या मते त्यांना बहुधा हाच आजार आहे. आजचे तिशीतले खेळाडू ही नावं ऐकत मोठे झाले आहेत. कॉर्डनरच्या पिढीला पुढचा रस्ता दिसतो, तो आधीच्या पिढीला दिसत नव्हता.

तरी प्रत्येक कन्कशन म्हणजे निवृत्ती असंही नाही. न्यूकासल नाइट्सच्या कॅलिन पोंगाला २०२२ आणि २०२३ मध्ये एकापाठोपाठ मार बसले, लोकांनी त्याची कारकीर्द संपली असं धरलं. तो कॅनडात जाऊन तज्ज्ञांकडून तपासून आला, त्यांनी हरकत घेतली नाही, आणि त्याच वर्षी त्याने एनआरएलच्या हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचं डॅली एम पदक जिंकलं. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की निर्णय त्याने एकट्याने, ड्रेसिंग रूममध्ये बसून घेतला नाही.

मानेचा प्रकार या दोन्हींच्या मधला. अँड्र्यू जॉन्स, ज्याला अनेक जण या खेळातला सर्वश्रेष्ठ मानतात, तो एप्रिल २००७ मध्ये ३२ व्या वर्षी थांबला. सरावात धक्का लागला, तपासणीत मानेतली चकती सरकलेली निघाली. कदाचित तो आणखी पन्नास सामने सुखरूप खेळला असता, कदाचित पुढच्याच पकडीत सगळं संपलं असतं. मॅककिननचं प्रकरण त्यानंतर सात वर्षांनी घडलं. आज कुणी जॉन्सला भित्रा म्हणेल असं मला वाटत नाही.

मग तुमच्या मनात भीतीचा विचार का आला? कारण या खेळाने कौतुकच तसं केलंय. १९७० च्या अंतिम सामन्यात साउथ सिडनीचा कर्णधार जॉन सॅटलर याचा जबडा पहिल्या काही मिनिटांतच मोडला. तो मोडका जबडा घेऊन तो शेवटपर्यंत खेळला आणि संघ जिंकला. २०१४ मध्ये त्याच क्लबचा सॅम बर्जेस गालाचं हाड मोडल्यावरही पूर्ण अंतिम सामना खेळला, सामनावीर ठरला, आणि क्लबला ४३ वर्षांनी विजेतेपद मिळालं. मलाही ते वाचताना अंगावर काटा येतो, खोटं कशाला बोलू. पण तोच बर्जेस २०१९ मध्ये ३० व्या वर्षी खांद्यामुळे निवृत्त झाला, आणि ते दृश्य कुणी भिंतीवर लावलेलं मी पाहिलेलं नाही.

पैशाचं थोडक्यात सांगते. हा खेळच मजुरीच्या वादातून जन्मला. १८९५ मध्ये उत्तर इंग्लंडमधल्या क्लबांना गिरणी आणि खाण कामगारांची सामन्यामुळे बुडालेली मजुरी भरून द्यायची होती, त्याला परवानगी मिळेना, म्हणून ते वेगळे झाले. आजही हिशेब महत्त्वाचा आहे. स्वतःहून सोडलं तर उरलेल्या करारावर पाणी सोडावं लागू शकतं. डॉक्टरांनी अपात्र ठरवलं तर गोष्ट वेगळी, आणि क्लबलाही पगाराच्या ठरलेल्या मर्यादेत सूट मिळू शकते. म्हणून 'वैद्यकीय निवृत्ती' या शब्दासाठी कागदपत्रांचा महिनोन् महिने खल चालतो. बाहेरून आपल्याला वाटतं, हा ठरवत का नाही.

नियमही आता थोडे कडक झालेत. एनआरएलमध्ये २०२३ पासून कन्कशन झालेल्याला साधारण ११ दिवस सक्तीने बाहेर बसवतात. २०२४ च्या ऑस्ट्रेलियातल्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे हौशी आणि शाळकरी खेळाडूंना सामन्यात परतण्याआधी किमान २१ दिवस थांबायचं असतं. अर्थात खेळाडूने सांगितलं तर.

माझ्याकडे येणारा एक जण सांगत नव्हता. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलते. टोंगन कुटुंबातला, २६-२७ वर्षांचा, बांधकामावर काम करणारा. खांद्यासाठी यायचा. एकदा बायको सोबत आली आणि तो कपडे बदलायला गेला तेवढ्यात हळूच म्हणाली, हा दोनदा मुलीला पाळणाघरातून आणायला विसरला, आणि विचारलं की भिंतीवर हात मारतो. मी त्याला खांद्याबद्दल बोलू दिलं, मग सरळ विचारलं, डोकं किती दिवस दुखतंय? तो बराच वेळ खांद्यावरच्या पट्टीकडे बघत राहिला. म्हणाला, मेच्या सामन्यापासून. तेव्हा ऑगस्ट चालू होता.

मी त्याला 'खेळ सोड' म्हटलं नाही, तो माझा अधिकार नाही. डॉक्टरांना पत्र लिहिलं, त्यांनी मेंदूच्या तज्ज्ञांकडे पाठवलं, आणि पुढच्या भेटीला बायकोबरोबर त्याच्या वडिलांनाही बोलवा असं सुचवलं, कारण त्या घरात शेवटचा शब्द त्यांचा. वडील स्वतः जुने खेळाडू. ते सगळं ऐकून घेतल्यावर पोराच्या मानेवर हात ठेवून त्यांच्या भाषेत काहीतरी बोलले. काय ते मी विचारलं नाही.

या हंगामात तो मैदानावर असतो, पाण्याच्या बाटल्या घेऊन पळतो. डोकेदुखी खूप कमी झाली आहे. निवृत्त झालो असं तो अजून कुणालाही म्हणालेला नाही. मागच्या महिन्यात विचारत होता, पुढच्या वर्षी परत तपासून घेऊया का? मी म्हटलं, घेऊया. त्याचे बूट अजून गाडीच्या डिकीतच आहेत.