मिशी शेवटाक काढायची

"मॅडम, आमच्या मुलाला सगळं येतं हो, फक्त इंटरव्ह्यूला बसला की तोंडच उघडत नाही, त्याला जरा शांत राहायला शिकवा." हे वाक्य मला समुपदेशनाच्या खोलीत महिन्यातून दोन-तीनदा तरी ऐकायला मिळतं, आणि बोलणारी बहुतेक वेळा आई असते, मुलगा शेजारी मान खाली घालून मोबाईलच्या कव्हरशी चाळा करत बसलेला. प्रत्येकीला तेच तेच सांगण्यापेक्षा एका मुलाची गोष्टच सांगते. त्याला विचारूनच सांगतेय, आणि ओळख पटू नये म्हणून गावचे, घरचे तपशील बरेच फिरवलेत. त्याला आपण बाबलो म्हणू, आमच्या कुडाळ-मालवणाकडे दर दुसऱ्या घरात एक बाबलो असतोच.

जुलैचा महिना, लावणीचे दिवस, धो धो पाऊस आणि लाईट गेलेली. बाबलो आला तो काकाच्या बाईकवरून, दोघंही रेनकोट घालून चिंब, आणि रेनकोटच्या आत शर्टाखाली पोटाशी धरलेलं एक बटणाचं प्लास्टिक फोल्डर, ते मात्र कोरडं ठणठणीत. बीएस्सी केमिस्ट्री, चांगले मार्क, बारावीच्या मुलांची ट्यूशन घेतो. गोव्यात वेर्ण्याला एका औषध कंपनीत लॅब ट्रेनीसाठी इंटरव्ह्यू दिलेला आणि तो पार गेलेला. खुर्चीत बसल्यापासून त्याचे दोन्ही हात मांड्यांखाली. बोलताना एक हात बाहेर यायचा, फोल्डरचं बटण टक टक दोनदा वाजवायचा आणि परत मांडीखाली.

झालं काय होतं, तर आत गेल्या गेल्या त्याच्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला, याने उचलला, हात थरथरला आणि पाणी सांडलं ते नेमकं स्वतःच्याच बायोडेटावर. समोरच्या बाईंनी टिश्यू दिला, म्हणाल्या इट्स ओके, आणि पुढे साधा प्रश्न विचारला, मोलॅरिटी आणि नॉर्मॅलिटीत, म्हणजे द्रावणाची तीव्रता मोजायच्या दोन मापांत, फरक काय. हा प्रश्न बाबलो दर वर्षी बारावीच्या पोरांना शिकवतो! पण त्या क्षणाला डोकं म्हणजे धुतलेली पाटी. "मॅडम, माका माझाच नाव इचारल्यानी असता तरी सांगूक जमला नसता," म्हणाला.

त्या दिवसापासून त्याने एक नियम केला, इंटरव्ह्यूत पाणी प्यायचं नाही. हात टेबलावर आणायचे नाहीत. उत्तरं सगळी पाठ करायची, म्हणजे अडकायला नको. यूट्यूबवरून 'टेल मी अबाऊट युवरसेल्फ'चं एक पानभर इंग्रजी त्याने उतरवून घेतलं होतं, आणि ते पान त्या फोल्डरात सगळ्यात वर होतं, घामाने कोपरे मऊ झालेलं.

आता यात गंमत बघा, म्हणजे गंमत नाही खरं तर, पण भीतीने त्याचं जेवढं नुकसान केलं नव्हतं तेवढं या नियमांनी केलं. घाबरलं की शरीरात ॲड्रेनलिन वाढतं, छाती धडधडते, रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं म्हणून हात गार पडतात, लाळ आटते म्हणून तोंड कोरडं पडतं, पोट ढवळतं, सारखं लघवीला जावंसं वाटतं. साप दिसला की पळायला लागणारी तयारी आहे ही, फक्त इथे पळायचं नसतं, खुर्चीत बसून इंग्रजी बोलायचं असतं. तर तोंड कोरडं पडतंय आणि हा पाणी पीत नाही, मग जीभ टाळूला चिकटते, शब्द जड होतात, की याला वाटतं बघा मी किती घाबरलोय. डोक्याचंही तसंच. एका वेळी डोक्यात जेवढं मावतं त्यातली निम्मी जागा 'हात दिसला का, आवाज कापला का' याने अडवली तर नॉर्मॅलिटी बसणार कुठे? येत नव्हतं म्हणून अडला नाही तो, येत असलेलं बाहेर काढायला जागाच नव्हती.

मी त्याला विचारलं, पुढच्या वेळी काय व्हायला हवं तुला? म्हणाला, एकदम शांत. थरथर नको, धडधड नको. म्हटलं ते नाही मी देऊ शकत, कुणीच नाही देऊ शकत. चेहराच पडला त्याचा.

तेव्हा आठवलं की बाहेर बाकावर काका बसलाय, आणि काका दशावतारात, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात, काम करतो, राजपार्टी, म्हणजे राजाची भूमिका, जवळजवळ 30 वर्षं. पावसात कंपनी बंद म्हणून शेतात असतो. बाबल्याला विचारलं काकांना आत बोलावू का, तो हो म्हणाला. काका आला, ओल्या पायांनी दारातच उभा, बस म्हटलं तरी बसेना. मी विचारलं, काका, तुम्हाला स्टेजवर जायच्या आधी काय होतं?

"हात थरथरतत," काका म्हणाला. "अजून थरथरतत. म्हणान मी मिशी शेवटाक काढतंय."

मला आधी कळलंच नाही. मग त्याने समजावलं. दशावतारात आपला रंग आपणच लावायचा असतो, पेटाऱ्यावर आरसा टेकवून. सुरुवातीला हात हलतो, तेव्हा तोंडभर रंग फासायचा, तिथे हात हलला म्हणून काही बिघडत नाही. मग कपडे, मुकुट. तोवर बाहेर पेटी-मृदुंग वाजायला लागतो, हात आपसूक बसतो, आणि तेव्हा मिशी, कारण बारीक रेघेचं काम तेवढंच. बाबलो काकाकडे असा बघत होता की हा माणूस त्याने पहिल्यांदाच पाहिलाय. लहानपणापासून या काकाचं काम बघत आलेला पोरगा, पण काकाचा हात थरथरतो हे त्याला कधी दिसलंच नव्हतं!

मी पुस्तकातून जे सांगणार होते ते काकाने एका वाक्यात सांगून टाकलं, फी मात्र मी घेतली.

दुसरी गोष्टही काकाकडूनच निघाली. दशावताराला लिहिलेली संहिता नसते, आख्यान कुठलं ते ठरतं, कोण काय करणार ते ठरतं, आणि संवाद तिथल्या तिथे उभे राहतात. "आमी खय पाठ करतंव? कथा म्हायत असली की शब्द आपसूक येतत." म्हणून त्या घामट पानाला आम्ही रजा दिली. पाठांतराचा त्रास असा की एक शब्द निसटला की पुढची अख्खी माळ सुटते. त्याऐवजी त्याने आपलं आख्यान चार टप्प्यांत बसवलं, घर आणि शिक्षण, कॉलेजच्या लॅबमधला आवडता प्रयोग, ट्यूशन, आणि ही कंपनी का. प्रत्येक वेळी वेगळ्या शब्दांत बोलायचं, मुद्दाम वेगळ्या. कधी म्हशीला सांग, कधी आईला, इंग्रजी अडलं तर हिंदीत शिर आणि परत ये. पहिल्यांदा आठ मिनिटं लागली, चौथ्यांदा दोन.

पुढच्या आठवड्यात आम्ही पाण्याच्या मागे लागलो. स्टीलचा ग्लास काठोकाठ भरून त्याच्या हातात दिला आणि म्हटलं खोलीभर फीर, आणि सांडव. "मुद्दाम?" मुद्दाम. पहिल्या फेरीत हात एवढा हलला की चप्पल भिजली. तिसऱ्या फेरीत सांडता सांडेना, हसायलाच लागला. मग ग्लास समोर ठेवून मी खोटी खोटी इंटरव्ह्यूवाली झाले, प्रश्न विचारले आणि त्याच्याच मोबाईलवर शूटिंग केलं. बघायच्या आधी विचारलं, दहापैकी किती घाबरलेला दिसला असशील? नऊ. मग व्हिडिओ लावला, म्हटलं हा तू नाहीस, शेजारच्या वाडीतला कुणी पोरगा आहे असं समजून बघ. दोनदा बघितलं आणि म्हणाला, चार. फारतर पाच.

आपली घबराट आतून जेवढी मोठी वाटते तेवढी बाहेर दिसत नाही, हे सॅवित्स्की आणि गिलोविच या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 2003 मध्ये प्रयोगातून दाखवलंय. भाषण करायच्या आधी काही विद्यार्थ्यांना फक्त एवढंच समजावून सांगितलं की तुमचं टेन्शन समोरच्याला तुम्हाला वाटतं तितकं कळत नाही, तर त्यांची भाषणं इतरांपेक्षा चांगली झाली. माझ्या खोलीत हे सांगून पटत नाही, व्हिडिओ दाखवावा लागतो.

श्वासाबद्दल थोडं, कारण सगळे 'डीप ब्रेथ घे' म्हणतात आणि पोरं गपागप मोठे श्वास घेतात, मग चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात, आणि वाटतं आता काहीतरी होणार. श्वास भरायचा नाही, सोडायचा. चार आकडे आत, सहा आकडे बाहेर, सावकाश, कारण श्वास सोडताना हृदयाचे ठोके जरा मंदावतात. रोज पाच मिनिटं, आणि इंटरव्ह्यूच्या दोन आठवडे आधीपासून. गेटवर उभं राहून पहिल्यांदा करून काही होत नाही, पोहायला शिकायचं असेल तर पूर यायच्या आधी शिकावं लागतं. शिवाय चहा-कॉफी त्या सकाळी नेहमीपेक्षा कमी, कॅफिन तासन् तास अंगात राहतं आणि धडधडीत भर घालतं.

'मला धडधडतंय' हे 'मी घाबरलोय' असंच वाचायची गरज नाही. 2014 मध्ये ॲलिसन वूड ब्रूक्स यांचा एक अभ्यास आला, त्यात लोकांना गाणं, भाषण, गणित असल्या गोष्टींच्या आधी एक वाक्य मोठ्याने म्हणायला लावलं होतं, आणि 'मला उत्साह वाटतोय' म्हणणारे 'मी शांत आहे' म्हणणाऱ्यांपेक्षा सरस ठरले. धडधडत्या छातीला शांत हो म्हटलेलं पटत नाही, सज्ज हो म्हटलेलं पटतं. बाबल्याला उत्साह हा शब्द शाळेच्या फळ्यावरचा वाटला, त्याने स्वतःचा शोधला, 'पेटी वाजाक लागली'.

मधेच एकदा खिशातून गोळी काढून दाखवली. मित्राने दिलेली, ही घेतली की हात थरथरत नाही म्हणे. प्रोप्रॅनोलॉल होती, आणि बाबल्याला लहानपणापासून दमा! दम्याच्या माणसाला या गोळीने श्वासनळ्या आवळून जीवावर बेतू शकतं. मी जरा आवाज चढवूनच बोलले त्या दिवशी. गोळी वाईट नाही, पण ती डॉक्टरांनी तपासून द्यायची गोष्ट आहे, मित्राने खिशातून काढून द्यायची नाही. आणि कुणाला इंटरव्ह्यूच नाही तर दुकानात, बँकेत, चारचौघांत बोलायचीच इतकी भीती वाटत असेल की घराबाहेर पडणं टाळलं जातंय, तर त्याने ग्लास सांडत बसू नये, मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं. सरकारची टेली मानस हेल्पलाईन आहे, 14416, मराठीतही बोलता येतं.

एवढं सगळं झालं तरी कुठेतरी गाठ होती. तिसऱ्या भेटीच्या शेवटी, चप्पल घालता घालता म्हणाला, "देवान उजवो कौल दिल्यान हा. आता मी पडलंय तर?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आमच्याकडे गावच्या देवाला कौल लावतात, मूर्तीला कळ्या किंवा तांदूळ लावायचे, उजवीकडचं पडलं की होकार. आईने कौल घेतला होता, गाऱ्हाणं घातलं होतं, अख्ख्या वाडीने 'व्हय म्हाराजा' म्हटलेलं. म्हणजे आता नापास झाला तर बाबलो एकटा नापास होणार नव्हता, देवही खोटा पडणार होता! केवढं ओझं ते, वेर्ण्याच्या एसी रूममध्ये बसलेल्या त्या बाईंना काय कल्पना.

देवाबिवाचं काही नसतं रे, असं मी म्हणू शकले असते आणि मग तो परत आला नसता. मी आईला फोन लावला, त्याच्यासमोर, आणि विचारलं, वहिनी, देवाला नेमका प्रश्न काय घातलात? आई म्हणाली, झिलाक गोव्याक धाडू काय नको, असा. मी बाबल्याकडे बघितलं. प्रश्न धाडण्याचा होता, नोकरी लागण्याचा नव्हताच. तो गोव्याला गेला की कौल खरा झाला, पुढचं देवाकडे कुणी विचारलेलंच नाही. बाबलो चप्पल अर्धी घालून तसाच उभा, मग खाली बसला आणि बराच वेळ काही बोलला नाही. आईला एवढंच सांगितलं की पुढची तारीख वाडीत कुणाला सांगू नका, स्टँडवर दहा जणांनी 'काय झाला मरे' विचारणं हा वेगळाच इंटरव्ह्यू असतो.

ऑगस्टमध्ये दुसऱ्या एका कंपनीचं बोलावणं आलं. आदल्या संध्याकाळीच तो म्हापशाला मावशीकडे गेला, सकाळी कदंबाच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसच्या, गर्दीत धावपळ नको म्हणून. बारीक कामं शेवटी ठेवायची हे त्याने भलतंच मनावर घेतलेलं, सुटा कागद हातात धरायचा नाही कारण कागद फडफडतो, फोल्डर टेबलावर ठेवायचा, ग्लासऐवजी स्वतःची बाटली, फॉर्म दिला तर आधी वाचून घ्यायचा आणि सही मागाहून.

दुपारी दोनला फोन. कसा झाला वगैरे काही नाही, पहिलं वाक्य, "मॅडम, पाणी पिलंय." दोन घोट प्याला, थोडं पँटवर सांडलं, समोरचे दोघं तेव्हा एसीचा रिमोट शोधत होते. एका प्रश्नावर अडकला तेव्हा सरळ म्हणाला, सर, जरा नर्व्हस आहे, अर्धा मिनिट द्या, आणि दिला की त्यांनी. नॉर्मॅलिटी कुणी विचारलीच नाही, पण याने कुठल्यातरी उत्तरात ओढून आणली, सल्फ्युरिक ॲसिड एक मोलर म्हणजे दोन नॉर्मल, आणि दोनच का तेही समजावून आला, ट्यूशनमधल्यासारखं.

ती नोकरी नाही लागली, त्यांना अनुभववाला हवा होता. दोन दिवस वाईट वाटलं त्याला, वाटणारच. सप्टेंबरात तिसऱ्या ठिकाणी लागली, पगार फार नाही, चौघांत एक खोली, आणि तक्रार एकच की तिथल्या खानावळीत भात कमी वाढतात.

मधे त्याचा मेसेज आला, गावची जत्रा आहे, काकाचा राजपार्ट आहे, ट्रेनिंगमध्ये सुट्टी मागायची तर सुपरवायझरसमोर जायला हात गार पडलेत. मी काही उत्तर द्यायच्या आधीच तासाभराने दुसरा मेसेज. सुपरवायझर पेडण्याचा निघाला, तिकडेही दशावतार असतो. सुट्टी दिली, आणि विचारलं म्हणे, आख्यान कुठलं आहे.